शिवेबाहेरचा मुराळी

आमच्या गावाची नगरपंचायत झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला होता, आणि पुढं सगळ्यात जास्त जीव जळाला तोही त्यांचाच. हे मी सांगायला बसले कारण गावात याची भलतीच गोष्ट फिरते आहे. कुणी म्हणतं मतांवरून बिनसलं, कुणी म्हणतं शेतावरून. लोकांना भांडण दिसलं की त्यात मत नाहीतर जमीन शोधायची सवयच आहे. इथं दोन्ही नव्हतं. इथं एक म्हातारा होता, एक म्हातारी होती आणि मधे एक ओढा होता.

टेंभरा बुद्रुक आणि टेंभरा खुर्द अशी आमची दोन गावं, वसमत तालुक्यातली. बुद्रुक मोठं. हमरस्ता, बँक, दवाखाना, हळदीचे व्यापारी सगळे आमच्याकडं. खुर्द म्हणजे ओढ्यापलीकडच्या चार गल्ल्या. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला बुटका पूल आहे. जरा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो आणि दोन्हीकडची माणसं काठावर उभी राहून एकमेकांशी ओरडून बोलतात.

माझं घर बुद्रुकातल्या शेवटच्या गल्लीत. सासूबाई सखुबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर खुर्दातल्या पहिल्या गल्लीत. आमच्या गच्चीवरून त्यांच्या माहेरच्या अंगणातलं कडुलिंबाचं झाड दिसतं, आणि वारा तिकडून असेल तर त्यांचे थोरले भाऊ, आमचे उकंडमामा, खोकलेलेसुद्धा ऐकू येतात. पण दिसतं म्हणून जाता येतं असं नाही. लेकीनं आपल्या मनानं उठून माहेरी जायचं नाही, माहेरचा माणूस न्यायला आला पाहिजे. त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आजकालच्या पोरी बसमधे बसून फोन करतात, 'आई, मी निघाले.' आत्याबाईंच्या पिढीत तसं नव्हतं, आणि आत्याबाई स्वतःच्या पिढीतून कधी बाहेर पडल्या नाहीत.

उकंडमामा दर नागपंचमीला मुराळी म्हणून यायचे. आधी बैलगाडीनं, मग सायकलवर, गुडघे गेल्यावर मुलाच्या, संतोषच्या, मोटरसायकलवर मागं बसून. वाट दोन मिनिटांची, पण थाट असा की जणू नांदेडहून आलेत. पाय धुणार, चहा घेणार, इकडची तिकडची चौकशी करणार आणि मग घरातल्या कर्त्या माणसापुढं हात जोडून विचारणार, "बाईला धाडता का?" सासरे गेल्यापासून हा मान माझ्या नवऱ्याला. विजयकुमार हा मामांचा सख्खा भाचा, लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. घरात मी त्याला चहाचा कपसुद्धा स्वतः उचलायला लावते. पण त्या दिवशी तो मान ताठ करून म्हणायचा, "न्या की." मला हसू आवरायचं नाही. आत्याबाई मात्र पदर सारखा करून, जणू पहिल्यांदाच चालल्यात अशा निघायच्या.

नगरपंचायतीच्या खटपटीत मी पहिल्यापासून होते. आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष, आणि माझा स्वभाव असा की एखादं काम मनात भरलं की मी दुसऱ्याला झोपू देत नाही. एका उन्हाळ्यात हळदीचं एक गोदाम पेटलं. तालुक्याहून आगीचा बंब येईपर्यंत राख गार झाली होती. त्या दिवशी ठरवलं की आता ग्रामपंचायत पुरे. नाल्या नाहीत, दिवे नाहीत, कचरा ओढ्यात. पण नगरपंचायतीला लागते तेवढी लोकसंख्या एकट्या बुद्रुकची भरेना. खुर्द धरलं तर भरत होती. मग दोन्ही गावं मिळून एक शहर करायचं, नाव नुसतं टेंभरा, असं वरून ठरलं आणि लोकांच्या हरकती मागवल्या.

हरकती ऐकायला एक साहेब आले. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. उकंडमामा खुर्दचे सरपंच, त्यांची हरकत पहिली. ते उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "सायेब, बुद्रुक म्हंजे थोरलं, खुर्द म्हंजे धाकटं. थोरल्यानं धाकट्याला संबाळायचं असतंय, गिळायचं नसतंय."

टाळ्या पडल्या. माझेही हात उठले होते, मी ते मांडीखाली दाबले.

"आन अजून एक," मामा म्हणाले. "आमच्या गावच्या लेकी यांच्या गावात दिलेल्या हायेत. उद्या गाव एक झालं, मंग त्यायचं माहेर कुठं ऱ्हायलं? एका शिवेत मुराळी जातो का कुठं?"

मांडव हसला. साहेबांनी शेजारच्याला विचारून घेतलं की मुराळी म्हणजे काय, आणि मग तेही हसले. कायद्यात तसं काही नाही म्हणाले. पण बायका हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. गावातल्या गावात दिलेल्या लेकीला मुराळी नसतो. आमच्याच गल्लीतल्या रुख्मिणीबाईंचं माहेर मारुतीच्या देवळामागं आहे. त्या दिवेलागणीला भाजीची वाटी घेऊन जातात आणि दुसऱ्या भाजीची वाटी घेऊन परत येतात. त्यांना न्यायला आजवर कुणी आलेलं नाही.

मामा बसले आणि बायकांमधून आत्याबाई उठल्या. मी त्यांना ओढून खाली बसवणार होते, कारण त्या चारचौघांत कधी बोललेल्या नाहीत. पण त्यांनी माझा हात झटकला.

"सायेब, माझी आई गेली तवा ओढा भरून वाहत व्हता," त्या म्हणाल्या. "सांगायला कुणाला येता आलं न्हाई. मी गच्चीवर उभी व्हते. तिकडं रडणं सुरू झालं, त्याच्यावरून मी वळखलं. तोंड बी पाह्यला भेटलं न्हाई. गाव एक करा, सायेब. वर उंच पूल करा. मला कुणाची वाट पाह्यला नको. मनात आलं की उठीन आन जाईन."

मामा खाली बघत होते. आईच्या मरणाची ही बाजू त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी, कारण आत्याबाईंनी ती आम्हालाही कधी सांगितली नव्हती.

त्या संध्याकाळी आत्याबाई इतक्या खुशीत होत्या की विचारू नका. "आता चुलीवर भाजी ठिवून बी जाऊन येईन बघ," म्हणाल्या.

पुढं शासनाचा आदेश आला. दोन्ही ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. निवडणूक होईपर्यंत तहसीलदार प्रशासक, आणि मुख्याधिकारी म्हणून एक मॅडम आल्या. त्यांच्याकडं आणखी एका शहराचा कारभार होता, त्यामुळं त्या आल्या की आधी फाईली शोधायच्या आणि सापडेपर्यंत जायची वेळ व्हायची. बुद्रुकच्या कार्यालयावर निळी पाटी लागली. हमरस्त्यावर 'टेंभरा नगरपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे' अशी कमान उभी राहिली. शहर झालो म्हणून रोजगार हमीची कामं थांबली, तेव्हा मजूर बायकांनी मला रस्त्यात गाठून दोन गोष्टी ऐकवल्या, त्याही मी ऐकून घेतल्या. खुर्दचं कार्यालय कागदावर उपकार्यालय झालं. खरं म्हणजे तिथं डासांच्या धुराचं यंत्र ठेवायला लागले. मामांनी चावी द्यायच्या आधी खोली स्वतः उभं राहून झाडून घेतली होती. मी पेढे घेऊन गेले. त्यांनी एक खाल्ला. "गोड हाय," म्हणाले.

मग प्रभागांचे नकाशे लागले. आमची गल्ली आणि मामांची गल्ली, मधल्या ओढ्यासकट, एकाच प्रभागात आली. तो बायकांसाठी राखीव निघाला. पुनम उभी राहणार, पुनम उभी राहणार, असं माझ्याबद्दल लोक माझ्या आधीच ठरवून मोकळे झाले.

तेव्हापासून मामांनी पूल ओलांडला नाही. आणि गंमत अशी की आत्याबाईंनीही नाही. ज्या बाईनं साहेबापुढं उठून 'मनात आलं की जाईन' म्हटलं होतं, ती एकदाही गेली नाही. मी टोकायची, "आत्याबाई, आता तर एकच गाव. जा की."

"जाईन की. काम हाय का काही?"

"कामाशिवाय जा."

"आसं कसं? बोलवलं तरी पाह्यजे न्हवं."

सरकारी आदेशानं शीव पुसता येते, पन्नास वर्षांची सवय पुसता येत नाही. संध्याकाळी त्या गच्चीवर वाळवण आवरायला जायच्या आणि लिंबाकडं बघत उभ्या राहायच्या. वाळवण मी दुपारीच आवरलेलं असायचं.

श्रावण लागला. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास असतो. आत्याबाईंनी तो धरला. बोलणं बंद होतं ते भावाशी, उपासाशी नव्हतं. दुपारीच त्यांची पिशवी भरून झाली. दोन नऊवारी, मामीसाठी खण, संतोषच्या लेकरांना बिस्किटं. नवं लुगडं नेसून त्या ओट्यावर पुलाकडं तोंड करून बसल्या.

मोटरसायकलचा आवाज आला की त्या पिशवीला हात लावायच्या. मोटरसायकल पुढं निघून जायची. माझी लेक आरोही कॉलेजला आहे. तिला राहवेना. "आजी, मी स्कूटीवर सोडू का? एका मिनटात सोडते."

"मी काय दळण हाय का, नेऊन टाकायला?"

आरोही हसली. आत्याबाई हसल्या नाहीत.

दिवे लागले तेव्हा त्या पिशवी घेऊन आत आल्या. "गुडघे दुखत असतील त्याचे," म्हणाल्या. जरा वेळानं स्वयंपाकघरात गेले तर त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"माझ्या तोंडानं मी माझं माहेर बुडवलं गं, पुनम," त्या म्हणाल्या. "मीच मांडवात बोलले ना."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. माझी आई गेल्यावर ज्या बाईनं मला आई म्हणून सांभाळलं, तिला असं बघणं मला सोसेना. आणि मला काही सोसलं नाही की राग येतो.

पंचमीच्या सकाळी वारूळ पुजून झालं. गल्लीत मुराळ्यांच्या गाड्या येऊन गेल्या, लेकी माहेरी गेल्या, दुसऱ्या लेकी माहेरी आल्या. आमच्या दारात कुणी आलं नाही. मी चपला घातल्या आणि पूल ओलांडून सरळ मामांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. वाटेत मनातल्या मनात त्यांना इतकं बोलून घेतलं होतं की तिथं पोचेपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता.

अंगणात लिंबाला झोका बांधलेला होता, नवा दोर घालून. चुलीवर मामी पुरणाची दिंडं उकडत होत्या. आणि मामा धुतलेलं धोतर नेसून, नवा फेटा बांधून बाजेवर बसले होते. बाज दारात आडवी टाकली होती, पुलाकडचा रस्ता दिसेल अशी.

मला बघून ते उठले आणि माझ्या मागं बघायला लागले.

"एकलीच? सखू कुठं हाय?"

"सखू कुठं हाय म्हणजे? मामा, तुमी न्यायला आलात का त्यांना?"

"मी काहून येऊ?" मामा म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "आता एक गाव झालं. गावातल्या लेकीला मुराळी लागतो का? तीच तर म्हनली मांडवात, मनात आलं की उठीन आन जाईन. मी म्हनलं बराबर हाय. येऊ दे तिला पायानं. कालपासून दार लावलं न्हाई मी. वाट पाहून राहिलो."

मग बाजेवर हळूच बसत ते म्हणाले, "आली न्हाई. म्हंजे तिच्या मनात आलंच न्हाई."

मी तिथंच झोक्यावर बसले. ओढ्याच्या एका बाजूला बहीण पिशवी भरून बसलेली, दुसऱ्या बाजूला भाऊ दार उघडं टाकून बसलेला, आणि दोघांनाही वाटतंय की आपल्याला दुसऱ्यानं टाकलं. हसावं की रडावं कळेना.

"मामा, काल त्यांनी तुमचा उपास धरला. दिवसभर ओट्यावर बसून व्हत्या."

"धरला?" मामांनी विचारलं.

"काहून न धरतील?"

मामा बराच वेळ फेट्याचा शेव बोटाला गुंडाळत राहिले. चुलीपाशी मामी डोळे पुसत होत्या.

"मग उठा," मी म्हणाले. "चला माझ्यासोबत. पाच मिनिटांत घेऊन या."

"ते व्हत न्हाई, पोरी."

"का?"

"एका शिवेत मुराळी जात न्हाई. गावातल्या गावात भाऊ बहिणीला आणायला कवा जातो? तिचं कपाळ फुटल्यावर. न्हाईतर सासरच्यानं हाकलल्यावर. पंचमीच्या दिशी भरल्या घरात तसा जाऊ? उद्या तिच्या घरात काही इडापिडा झाली, तर?"

"पण त्यांना पाऊल उचलत नाही बोलावल्याशिवाय!"

"आन मला उचलता येत न्हाई शीव असल्याबिगर. सायेबाला तवाच सांगितलं व्हतं मी. हसले सारे."

मी जे शहर व्हावं म्हणून दारोदार हिंडले होते, त्याच्या नकाशावर या दोघांना उभं राहायला जागाच उरली नव्हती. पण मला कोंडीत पकडलं की मी मागं सरत नाही, ओरडते. मी ओरडले, "मग शिवेबाहेर जा ना! कुरुंद्याच्या रस्त्याला दगड पुरलाय नवीन हद्दीचा. त्याच्या पलीकडं जा आन तिकडून या मुराळी होऊन! पण त्या बाईला असं बसवून ठेवू नका!"

आणि तरातरा निघाले. अर्धा पूल ओलांडल्यावर लक्षात आलं की चपला अंगणातच राहिल्यात. इतकं भांडून परत चपला घ्यायला कोण जाणार? तशीच घरी आले.

आत्याबाईंना सगळं सांगितलं. शेवटचं माझं ओरडणं तेवढं गाळलं. त्या ऐकत ऐकत उभ्या राहिल्या.

"कालपासून दार लावलं न्हाई?"

"नाही."

"झोका बांधला?"

"नवा दोर घालून."

त्यांनी पिशवी उचलली. उंबऱ्यापर्यंत गेल्या, एक पाय बाहेर टाकला. मला वाटलं, सुटलं आता. मी आरोहीला खुणावलं, बोलू नको. आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या. पुलावर कुणी नव्हतं, वाट मोकळी होती. आणि मग त्यांनी तो पाय पुन्हा आत घेतला.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पाय निघंना. इतकी वर्सं कुणीतरी म्होरं असायचं."

मी ताट वाढलं, त्यांनी दोन घास खाल्ले.

दुपार कलली तेव्हा घुंगरांचा आवाज आला. पुलाकडून नाही, उलट बाजूनं, हमरस्त्याकडून. आम्ही ओट्यावर आलो. बाजारातून, बँकेसमोरून, निळ्या पाटीखालून एक बैलगाडी येत होती, आणि तिच्या मागं पंचवीस-तीस पोरं नि रिकामी माणसं. गाडीत एकटे उकंडमामा. गुडघ्यापर्यंत चिखल, फेटा एका कानावर आलेला, बैलांची पोटं चिखलानं माखलेली. पंचमीला औत धरत नाहीत, पण गाडी चालते.

ते खरंच गेले होते. खुर्दातून कुरुंद्याच्या रस्त्याला लागून, हद्दीच्या दगडापलीकडं उतरून, नारळ फोडून, मग सिद्धेश्वरच्या कालव्याच्या कच्च्या वाटेनं अख्ख्या शहराला बाहेरून वळसा घालून वसमतकडून आत आले होते. कालव्याच्या वाटेवर चाक रुतलं, तेव्हा कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं खांदा लावला. संतोष म्हणाला होता, बाबा, येडे झालात का. त्याला म्हणे मामांनी सांगितलं, तू मोटरसायकल घेऊन घरी बस.

गाडी दारात थांबली. मामा खाली उतरले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, फक्त गाडीतून माझ्या चपला काढून ओट्यापाशी ठेवल्या. मग माझ्या नवऱ्यापुढं जाऊन हात जोडले. तो बनियनवर होता, हातात टीव्हीचा रिमोट.

"दुसऱ्या गावाहून आलो, पाव्हणे," मामा म्हणाले. "बाईला धाडता का?"

विजयकुमारनं रिमोट खिशात घातला, मान ताठ केली, तोंड उघडलं. पण ताठ मान टिकली नाही. त्यानं मामांचे चिखलाचे पाय धरले आणि तसाच वाकलेला म्हणाला, "न्या की, मामा."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी बैलांकडं बघितलं, मग चिखलाकडं, मग भावाकडं.

"कुठून आला रं दादा?"

"शिवेबाहेरून."

"इतक्या लांबून?"

"मंग काय करू? तूच गाव एवढं मोठं करून ठिवलं. बाहेर निघता निघता जीव गेला माझा."

सगळी गल्ली हसली. आत्याबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मामांनी पाय धुतले, चहा घेतला, हळदीच्या भावाची चौकशी केली. एकही रीत सोडली नाही.

निघताना मी म्हणाले, "आता पुलावरून जा. दोन मिनिटं लागतील. बैलही दमलेत."

मामांचा विचार तोच होता. पण आत्याबाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "ज्या वाटंनं आलास त्याच वाटंनं ने."

"बैल थकले गं सखू."

"मंग हळू हाक."

मामांनी गाडी हमरस्त्याकडं वळवली. आत्याबाईंनी कमानीपर्यंत एकदाही मागं बघितलं नाही.

दिवेलागण झाली तरी गाडी खुर्दात पोचली नाही. संतोषचा फोन आला, त्याची आई काळजी करून राहिली म्हणाला. मी विजयकुमारला मोटरसायकलवर पिटाळलं. तो परत आला तेव्हा एकटाच.

"कालव्यावर हायेत," तो म्हणाला. "गाडी सोडली, बैल चरायला सोडले. दोघं शेताच्या धुऱ्यावर बसून लाह्या खात बोलून राहिले. मी म्हटलं, आई, अंधार पडून राहिला, चल. तर म्हणे तू जा, आमचं बोलणं हाय."

"काय बोलत होते?"

"त्यांच्या आईबद्दल. मी जवळ गेल्यावर थांबले." त्यानं मोटरसायकलची चावी खुंटीला लावली. मग म्हणाला, "मामानं तुला निरोप दिलाय. कालव्याकडच्या वस्तीवर एक बी दिवा न्हाई म्हणे. निवडून यायच्या गोष्टी करती, तर पुनमला म्हणावं आधी एकदा गावाला पुरा वळसा घालून ये."

मी गच्चीवर गेले. खुर्दात लिंबाखाली कुणीतरी दिवा आणून ठेवला होता. बघत उभी होते तेव्हा फोन वाजला, संतोषच्या नंबरवरून. पलीकडं आत्याबाई होत्या. मागं लेकरांचा गलका चालला होता आणि मामी कुणालातरी ओरडून सांगत होत्या की आधी भाकरीचा तुकडा ओवाळून टाका.

"पोचले गं," त्या म्हणाल्या.

"केवढा उशीर, आत्याबाई! जीव टांगणीला लागला आमचा."

"लई लांब हाय पोरी माझं माहेर," त्या म्हणाल्या. बोलताना धाप लागली होती, पण असा भरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "परवा विजूला धाड मला न्यायला. आन पुलावरून येऊ नको म्हणावं."